ज्युबिली कोणाची? लहान मुलांना इतिहास शिकवताना

(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. राजे गेले, संस्थाने गेली, इंग्रजही गेले. मग पहिली ते चौथीच्या मुलांना राजा-राण्यांच्या ज्युबिलीबद्दल सांगण्याचे कारण काय? कोणी असेही म्हणेल की, वाढदिवस आणि सालगिरह थाटाने साजरे करणे मुळात आपल्याला शोभत नाही. या दोन्ही शंका रास्त आहेत. पण एखादी गोष्ट साजरी करणे वेगळे आणि ती समजून घेणे वेगळे. मुले या गोष्टी पाहतच असतात. कोकणातली आपली कितीतरी कुटुंबे विलायतेत स्थायिक झाली आहेत. २०२२ साली राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीला सत्तर वर्षे झाली, तेव्हा तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना त्या निमित्ताने एक सचित्र पुस्तक भेट दिले गेले. सुटीत गावी आलेली अशी मुले आणि इथली मुले एकत्र बसली की गोष्टी निघतातच. आपल्या मुलांनी त्या नुसत्या तोंड वासून ऐकाव्यात की त्यावर चार प्रश्न विचारावेत, हे आपल्या हाती आहे.

आधी शब्दापासून सुरुवात करू. ज्युबिली हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. तो हिब्रू भाषेतल्या ‘योबेल’ या शब्दावरून आला. योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात असा नियम सांगितला आहे की, सात वर्षांच्या सात फेऱ्या झाल्या म्हणजे पुढचे पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. त्या वर्षी शिंग फुंकून दवंडी द्यावी, गुलामीत पडलेल्यांना मोकळे करावे आणि गरिबीपायी ज्याची जमीन हातची गेली त्याला ती परत द्यावी. म्हणजे पाहा, मूळची ज्युबिली ही राजाची नव्हतीच. ती गुलामाची आणि नडलेल्या शेतकऱ्याची होती. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असते, आणि गुलामाला मुक्त करणे हे केवढे पुण्य मानले गेले आहे हेही त्यांनी घरी ऐकलेले असते. त्यामुळे ही गोष्ट त्यांना चटकन समजते.

पुढे हा शब्द राजांनी उचलला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या कारकिर्दीचे पन्नासावे वर्ष सुरू झाले तेव्हा, १८०९ च्या ऑक्टोबरमध्ये, तिथे मोठा उत्सव झाला. त्या वेळी निदान मूळ अर्थाची थोडी आठवण उरली होती. कर्जापायी तुरुंगात पडलेल्या अनेक गरिबांची देणी भागवून त्यांना सोडवण्यात आले. पुढे पुढे मात्र मिरवणूक मोठी होत गेली.

वर्गात सुरुवात कशी करावी?

सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘कारकीर्द’ आणि ‘शतक’ हे शब्द सांगून काही कळत नाही. त्याला दोरी द्या. दोरीवर साठ गाठी मारा, एक गाठ म्हणजे एक वर्ष. मुलाचे वय सात, तर सातव्या गाठीला लाल चिंधी बांधा. अम्मीचे वय, अब्बांचे वय, दादीचे वय, त्या त्या गाठीला वेगळ्या रंगाची चिंधी. मग सांगा की, व्हिक्टोरिया नावाची एक मुलगी १८३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, इंग्लंडची राणी झाली. तिथून पन्नास गाठी मोजा. १८८७, सुवर्णमहोत्सव. आणखी दहा मोजा. १८९७, हीरकमहोत्सव. पंचवीस म्हणजे रौप्य, पन्नास म्हणजे सुवर्ण, साठ म्हणजे हीरक आणि पंच्याहत्तर म्हणजे आपण ज्याला अमृतमहोत्सव म्हणतो तो. बेरीज-वजाबाकीचा तास आणि इतिहासाचा तास येथे एकच होतो.

दोरीनंतर वस्तू. अजूनही काही घरांत जुन्या डब्यात किंवा दादी-नानीच्या दागिन्यांत राणीछाप रुपया असतो. तो शाळेत आणायला सांगा, अर्थात मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली! एक तोळा वजनाचा तो चांदीचा रुपया मुलांच्या तळहातावर ठेवा. त्यावर इंग्रजीत काय लिहिले आहे ते वाचायला लावा. १८७६ पर्यंतच्या रुपयावर व्हिक्टोरिया ‘राणी’ आहे आणि १८७७ पासूनच्या रुपयावर ती ‘सम्राज्ञी’ झाली आहे. एका शब्दाच्या बदलात केवढा इतिहास आहे, हे शिक्षकाने लांबलचक भाषण न करता मुलाला दिसते. ज्यांच्याकडे नाणे नाही त्यांनी टपालाची तिकिटे पाहावीत. राजा पाचवा जॉर्ज याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ साली हिंदुस्थानात सात तिकिटे निघाली. त्यांवर राजाच्या मुखवट्याशेजारी चित्रे आहेत ती मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियाची, ताजमहालाची, अमृतसरच्या सुवर्णमंदिराची, रामेश्वरच्या मंदिराची. मुलांना विचारा, राजा विलायतेचा, मग चित्रे आपल्या इमारतींची का? उत्तर लगेच सांगू नका. त्यांना विचार करू द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे इमारती. मुंबईचे बोरीबंदर स्टेशन घ्या. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्याला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. त्याच १८८७ साली मुंबईत भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती १९२३ साली माटुंग्याला गेली आणि १९९७ साली तिचे नाव वीरमाता जिजाबाई यांच्यावरून ठेवण्यात आले. व्ही. जे. टी. आय. ही अक्षरे मात्र तीच राहिली. मुलांना यात मोठी गंमत वाटते. गमतीच्या मागे एक धडाही आहे. राणीचे नाव गेले, पण तिथे शिकून बाहेर पडलेल्या हजारो कारागीर आणि इंजिनिअर लोकांची विद्या गेली नाही. आणि बोरीबंदरला उतरून रस्ता ओलांडला की समोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत दिसते. ती १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आदी मंडळींनी काढलेली संस्था, आणि ही इमारत १८९३ सालची. ज्या काळात राणीच्या नावाने घुमट उभा राहत होता, त्याच काळात आपले वाडवडील वर्गणी गोळा करून शाळा बांधत होते, हे मुलांनी जरूर पाहावे.

एकच दिवस, दोन शहरे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ज्युबिलीचा धडा गोड गोड करून शिकवणे अगदी सोपे आहे. लंडनमध्ये १८८७ च्या उत्सवात हाइड पार्कमध्ये पंचवीस-तीस हजार शाळकरी मुलांना बनपाव, दूध आणि राणीचे चित्र असलेला मग देण्यात आला. १८९७ साली लिप्टन चहावाल्या थॉमस लिप्टनने लंडनच्या गरिबांच्या जेवणासाठी २५ हजार पौंड दिले. २२ जून १८९७ रोजी राणीची मिरवणूक सेंट पॉल चर्चपर्यंत गेली. राणी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिला पायऱ्या चढवेनात, म्हणून प्रार्थना चर्चच्या बाहेरच झाली आणि ती गाडीतच बसून राहिली. निघण्यापूर्वी तिने विजेचे एक बटण दाबले आणि तिचा संदेश तारेने साम्राज्यभर गेला. या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत, आणि मुलांना त्या आवडतातही. त्या जरूर सांगा.

पण त्याच दिवशी आपल्याकडे काय चालले होते, हे सांगितले नाही तर धडा अर्धाच राहील, आणि अर्धा धडा खोट्याच्या जवळ जातो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तिथून तो पुण्यात पोहोचला. त्याच वेळी दुष्काळही होता. पुण्यात रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर शिरून रोगी शोधू लागले. देवघर पाहिले नाही, जनानखाना पाहिला नाही. रोग्याला उचलून न्यायचे, सामान बाहेर फेकायचे, जाळायचे. रोग थांबवण्यासाठी काही कडक उपाय करणे भाग होते हे आज आपल्याला कळते. कोरोनाच्या साथीत आपणही निर्बंध पाळले. परंतु माणसाचा मान राखून करण्याचे काम आणि त्याला जनावरासारखे वागवून करण्याचे काम, यात फरक आहे. पुढे मार्च १८९८ मध्ये मुंबईतही प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली. तिची ठिणगी मुसलमान विणकरांच्या वस्तीत पडली होती. म्हणजे हे दुःख कोणा एका जमातीचे नव्हते.

अशा दिवसांत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. ती करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २२ जूनच्या रात्री, पुण्याच्या गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यात राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी झाली. तिथून परतताना रँड आणि आयर्स्ट या दोन अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड काही दिवसांनी मेला. दामोदर चापेकरांना १८९८ साली फाशी झाली. त्यानंतरच्या धरपकडीत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना तुरुंगवास भोगावा लागला.

लहान मुलांना गोळीबाराचे वर्णन रंगवून सांगू नये. त्यांना एवढेच सांगावे की, एका गावात बनपाव आणि दूध वाटले जात होते आणि दुसऱ्या गावात लोकांच्या चुली थंड होत्या. दोन्ही ठिकाणी राज्य एकाच राणीचे होते. मग वर्गाचे दोन भाग करावेत. अर्ध्या मुलांनी लंडनच्या मुलाच्या वतीने दोन वाक्ये बोलावीत, अर्ध्यांनी पुण्याच्या मुलाच्या वतीने. कोण बरोबर, कोण चूक, असा निकाल लावण्याची घाई करू नये. लंडनचा मुलगा काही दुष्ट नव्हता. त्याला पुणे दिसतच नव्हते. दुसऱ्याचे घर न दिसणे हा किती मोठा दोष आहे, हे मूल यातून शिकले तर त्या तासाचे सार्थक झाले.

आणि शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावी. ज्या गणेशखिंडीच्या बंगल्यात ती मेजवानी झाली, तिथे आज विद्यापीठ आहे आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. मेजवानीला कोण कोण आले होते हे आज फारसे कोणाला माहीत नाही. रोग्यांच्या सेवेत मेलेल्या शिक्षिकेचे नाव मात्र फाटकावर आहे. मुलींना हे आवर्जून सांगा.

आपले राजे, परके राजे

इथपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांना माझे म्हणणे पटेल, कारण राणी परकी होती. खरी कसोटी पुढे आहे. मुसलमान राजाच्या ज्युबिलीबद्दल मुलांना काय सांगायचे?

हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीच्या पंचवीस वर्षांचा उत्सव १९३७ च्या फेब्रुवारीत झाला. त्या महिन्यात अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र छापून त्यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हटले. आपला मराठवाडा तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. मराठवाड्यातल्या आपल्या घरांत अजून त्या दौलतीच्या कथा सांगितल्या जातात, आणि सांगणाऱ्याचा आवाज थोडा चढतो.

त्या राज्यात चांगले काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग होता. पण ती भाषा उर्दू होती, आणि प्रजेतले बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारे होते. प्रजेला राज्यकारभारात हक्क नव्हता. पुढे रझाकारांचा जुलूम झाला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. त्या वेळी जी सूडाची लाट आली तिच्यात खेड्यापाड्यांतले हजारो निरपराध गरीब मुसलमान मारले गेले. त्या गरिबांना १९३७ च्या ज्युबिलीचे आमंत्रण नव्हते. हिशेब चुकवताना मात्र त्यांची आठवण झाली.

म्हणून मी आपणास हात जोडून सांगतो, राजाचे वैभव हे आपले वैभव नव्हे आणि राजाचे पाप हे आपले पाप नव्हे. आज बाजारात, शाळेत, कधी वर्तमानपत्रात आपल्या मुलांना कोणत्या ना कोणत्या सुलतानाचा जाब विचारला जातो. मूल गोंधळते. एक तर ते मान खाली घालते, नाही तर त्या सुलतानाच्या बाजूने भांडायला उठते. दोन्ही वाईट. ज्या मुलाला चौथीतच राजांकडे तटस्थपणे पाहायला शिकवले, त्याला पुढे या दोन्हींची गरज पडणार नाही. ते शांतपणे सांगेल की, माझे पणजोबा विणकर होते, मच्छीमार होते, बागवान होते. तो दरबार त्यांचा नव्हता.

राजाचे माप कसे घ्यावे, याचे चांगले उदाहरणही मुलांसमोर ठेवावे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक जाऊन बडोद्याचे राजे झालेले सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून पाहिले आणि १९०६ साली ते सबंध राज्यात लागू केले. आपल्या हीरकमहोत्सवाच्या वेळी, १९३६ साली, त्यांनी खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी वेगळा काढला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढले आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हे दोघे मुसलमान नव्हते. पण त्यांच्या कामाचा लाभ आपल्या मुलांना झाला, आणि मुलांनी ते कृतज्ञतेने जाणले पाहिजे.

मुले तराजूची गोष्टही विचारतील. बादशहा जहांगीर आपल्या वाढदिवसाला सोन्या-चांदीने तोलला जाई आणि त्यातले दान गरिबांत वाटले जाई. १९३६ साली मुंबईत तिसरे आगाखान सोन्याने तोलले गेले आणि १९४६ साली ब्रेबोर्न स्टेडियममध्ये हिऱ्यांनी. ते राजे नव्हते, इस्माइली जमातीचे इमाम होते. त्या निमित्ताने जमलेली रक्कम जमातीच्या शिक्षणासाठी आणि उत्कर्षासाठी लावण्यात आली. मुलांना सांगा, तराजूच्या एका पारड्यात कोण बसले होते ते विसरले तरी चालेल. दुसऱ्या पारड्यातले पुढे कुठे गेले, ते विचारा.

तीन प्रश्न

म्हणून मी शिक्षकांना तीन प्रश्न सुचवतो. कोणतीही ज्युबिली शिकवताना ते फळ्यावर लिहावेत. उत्सव कोणाचा होता? खर्च कोणाचा होता? मागे काय राहिले? चौथा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात, मिरवणुकीत कोण नव्हते? तो त्यांनी विचारला की समजावे, धडा पोहोचला.

पालकांचे काम याहून सोपे आहे. आपण शिकलेले असा वा नसा, घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलांसमोर बोलते करा. नव्वदी ओलांडलेली एखादी दादी किंवा नाना असतील, तर त्यांनी लहानपणी पाहिलेले राजाचे चित्र, शाळेत म्हणायला लावलेले गाणे, रेशनची रांग, हे सारे ऐकून वहीत उतरून ठेवायला सांगा. तो इतिहास कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही, आणि तो फार दिवस मिळणारही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवासाठी आग्र्याचे अब्दुल करीम नावाचे तरुण राणीच्या सेवेत विलायतेला गेले. राणी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. तिने या तरुणाकडून हिंदुस्थानी भाषा शिकायला घेतली, ती उर्दू लिपीत लिहायला शिकली आणि शेवटपर्यंत वह्या भरत राहिली. तिच्या त्या वहीतल्या एका पानाची प्रत १८९२ साली इंग्रजी मासिकात छापून आणली ती पुण्याच्या मौलवी रफीउद्दीन अहमद यांनी, जे पुढे मुंबई प्रांताच्या सरकारात मंत्री झाले. अर्ध्या जगाची मालकीण अडुसष्टाव्या वर्षी अलिफ-बे गिरवते, मग आपल्याला दहाव्या वर्षी पाढे पाठ करायला कंटाळा का यावा? आणि माता-पालकहो, हेच मी आपल्यालाही म्हणेन. प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला यायला लाज वाटण्याचे कारण नाही.

शेवटी आपल्या संस्थेबद्दल दोन शब्द. संस्थांचेही वाढदिवस येतात, महोत्सव येतात, स्मरणिका निघतात. कमानी उभाराव्यात, हारतुरे व्हावेत, त्यात वावगे काही नाही. फक्त तेच तीन प्रश्न आपणही फळ्यावर लिहून ठेवू. आपल्या उत्सवाने एखाद्या मुलीची थांबलेली शाळा पुन्हा सुरू झाली, एखाद्या होतकरू मुलाची फी भरली गेली, एखाद्या वस्तीत वाचनालय उघडले, तर ती खरी ज्युबिली होईल. शिंग फुंकून नडलेल्याला मोकळे करणारी.

अल्लाह आपल्या मुलांना खरे पाहण्याची नजर आणि खरे बोलण्याची हिंमत देवो.  खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.